हसू दाबायचा खेळ

परदेशी शिकायला निघताना मी सांगलीजवळचं कुपवाड सोडलं ते आईच्या कारखान्याच्या फाटकावरून, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. त्या दिवशी आईला रजा मिळाली नव्हती. सणांच्या ऑर्डरी होत्या, शेडमध्ये बेदाण्याचा माल येऊन पडला होता आणि मुकादमांनी सगळ्या बायकांना विनवून सांगितलं होतं, की आज कुणी घरी राहू नका. म्हणून पप्पांनी टेम्पो सरळ एमआयडीसीत घातला. पप्पा कुपवाड-मिरज मालाच्या फेऱ्या मारायचे, त्याच टेम्पोच्या हौद्यात माझी मोठी बॅग ताडपत्रीखाली बांधली होती. आई फाटकाबाहेर आली तेव्हा तिच्या डोक्याला जाळीची टोपी होती, साडीवर निळा एप्रन होता आणि बोटं बेदाण्याच्या साखरेनं चिकट झाली होती. माझे नवे कपडे खराब होऊ नयेत म्हणून तिनं नुसत्या मनगटांनी माझे खांदे दाबून बघितले.

"हाडं लागत्यात हाताला," ती म्हणाली. "खात जा नीट. आन् आता रडू नगंस, माझी सुट्टी संपत आल्या."

मी रडले नाही. आतल्या बाजूला तिच्या मैत्रिणी डबे हातात घेऊनच उभ्या होत्या आणि हात हलवत होत्या. पप्पांनी गिअर टाकला आणि मिरज स्टेशन येईपर्यंत ते टायरमधल्या हवेविषयी बोलत राहिले. स्टेशनात बॅग उतरवून देताना मात्र त्यांनी ती बराच वेळ हातातून सोडली नाही.

कुपवाडच्या आपल्या लोकांतले जे तिथंच राहिले आणि जे माझ्यासारखे लांब गेले, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. कारण दोन्हीकडचे मला एकच विचारतात, की तू तिकडं नेमकं करतेस काय? पप्पा परस्पर सांगून टाकतात, "कंप्युटरमधी हाय." ते खोटं नाही, पण पुरं नाही. मी खेळ बनवते. मोबाईलवर बोटानं खेळायचे नव्हेत, अंगानं खेळायचे. श्वास, नाडीचे ठोके, तोल, पोटातली थरथर हे सगळं सेन्सरला कळतं. त्याला जे कळतं त्याचं मी उजेडात किंवा आवाजात रूपांतर करते, म्हणजे माणसांना त्याच्याशी खेळता येतं. पोटापाण्याचा धंदा म्हणून हे सांगायला सुरुवातीला मला अवघड वाटायचं. आता वाटत नाही.

हा धंदा मी शिकले कुठं, ते आधी सांगते. शाळेला सुट्टी असली की घरी मला सांभाळायला कुणी नसायचं, म्हणून आई मला शेडवर न्यायची. तिथं एक लांब पट्टा सरकत असायचा. त्यावरून बेदाणे वाहत यायचे आणि दोन्ही बाजूंनी उभ्या राहिलेल्या बायका त्यातले देठ, खडे, काळे पडलेले दाणे टिपून काढायच्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभं राहून. बोलायला मनाई होती, कारण बोललं की लक्ष जातं. मुकादम हात पाठीमागं बांधून पट्ट्याच्या कडेनं फेऱ्या मारायचे. उंच माणूस, मिशा मोठ्या, तोंडावरची रेघ हलायची नाही.

आणि त्या फेऱ्यांमध्येच बायकांचा खेळ चालायचा. मुकादम पुढं गेले, की आईच्या समोर उभी असलेली रुक्साना मावशी तोंड वाकडं करायची. कधी मुकादमांची चाल मानेनं करून दाखवायची, कधी नुसत्या भुवया नाचवायची. समोरच्या बाईनं हसायचं नाही, हात थांबवायचे नाहीत. जी हसली तिनं चहाच्या सुट्टीत सगळ्यांचे कप विसळायचे. मी रिकाम्या क्रेटवर बसून बघायचे. लवकरच मला एक गोष्ट कळायला लागली. चेहरा सगळ्याजणी सांभाळायच्या, पण हसू आधी पोटात यायचं. श्वास अडायचा, एप्रन बरगड्यांखाली दोनदा थरथरायचा, आणि मगच तोंड फुटायचं. कोण हरणार ते ती हसण्याआधीच मी ओळखायचे. माझी आई दर वेळी जिंकायची. तिचा एप्रन कधी हललाच नाही.

मग कराडला इंजिनीअरिंग. इन्स्ट्रुमेंटेशन घेतलं होतं. कॉलेजात सेन्सर शिकवायचे ते बॉयलरच्या तापमानासाठी आणि साखर कारखान्यातल्या रसाच्या टाकीसाठी. ते मी शिकले आणि मला आवडलंही. पण हॉस्टेलवर माझी खोलीतली मैत्रीण होती रहिमतपूरची अश्विनी. तिचे वडील फौजेत होते आणि ती पोलीस भरतीची तयारी करायची. तिला एका पायावर तोल सांभाळायचा सराव करायचा होता. मी एका फळीखाली चार सेन्सर बसवले आणि फळी हलली की दिवा विझेल अशी जोडणी केली. संध्याकाळपर्यंत हॉस्टेलच्या साऱ्या पोरी रांगेत उभ्या. एकमेकींना हसवून पाडायचा उद्योग सुरू झाला. फळी सरावासाठी होती हे सगळ्या विसरल्या, अश्विनीसुद्धा. शेवटच्या वर्षी मी तीच फळी प्रोजेक्ट म्हणून दाखवली. सरांनी विचारलं, याचा उपयोग काय? मी म्हटलं, लोक हसतात. त्यांनी जेमतेम पास होण्याइतके मार्क दिले. पण त्याच फळीचा व्हिडिओ पाठवून मला नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला मास्टर्सला जागा मिळाली, शिष्यवृत्तीसकट.

आइंडहोवनमध्ये पहिलं वर्ष माझं अंग आखडूनच गेलं. थंडी होतीच, पण थंडीचं कारण पुरेसं नाही. तिथं माणसामाणसांत एक अंतर असतं. ते कुणी सांगत नाही, पण पाळतात सगळे. दुकानात कुणी कोपरानं सरकवत नाही, कुणाच्या खांद्यावर हात पडत नाही. मी हसले की आवाज मोठा झाला असं मला वाटायचं. हळूहळू मी हसणं गळ्यातच ठेवायला लागले. व्हिडिओ कॉलवर आई म्हणायची, तुझा आवाज बसलाय का गं? आवाज बसला नव्हता. मी तो बसवला होता.

मास्टर्स संपल्यावर एका छोट्या स्टुडिओत नोकरी मिळाली. स्टुडिओची मालकीण आनेके, पन्नाशीची, सायकलवरून येणारी, स्वतः सोल्डरिंग करणारी बाई. तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, की म्युझियमसाठी एक असा खेळ हवाय ज्यात अनोळखी माणसं एकमेकांकडं बघतील. बाकी सगळं तुझ्यावर. मी काही दिवस कागदांवर रेघोट्या मारल्या, आणि एका दुपारी सँडविच खाताना मला रुक्साना मावशीच्या भुवया आठवल्या.

खेळ असा झाला. बरगड्यांखाली बांधायचा एक ताणणारा पट्टा. त्यात असा धागा शिवलेला, की श्वासानं तो ताणला की सर्किटला कळतं. जमिनीवर वरून प्रोजेक्टरचा उजेड. प्रत्येक खेळाडूच्या पायाभोवती एक उजेडाचं रिंगण. श्वास घेतला की रिंगण मोठं, सोडला की लहान. समोरच्याला हात न लावता हसवायचं. हसू दाबलं की रिंगण थरथरतं, आणि हसू फुटलं की रिंगणाचे तुकडे होऊन सगळ्या हॉलभर उडतात.

पहिल्या चाचणीला सगळे सभ्यपणे उभे राहिले. कुणीच काही करेना. मग मी पट्टा बांधून मध्ये गेले आणि एका बँकेतल्या सूटवाल्या माणसासमोर मुकादमांची चाल चालून दाखवली. हात पाठीमागं, मिशा फुगवल्यासारखा वरचा ओठ. त्याला मुकादम ठाऊक असायचं कारण नव्हतं. तरी त्याचं रिंगण आधी थरथरलं, मग फुटलं, आणि त्याच्या हसण्याचा आवाज एवढा मोठा आला की तो स्वतःच दचकला. त्याच्या पाठोपाठ मीही हसले, पोटापासून, तिथं आल्यावर पहिल्यांदा. खेळ म्युझियमला आवडला. मग शहरातल्या विज्ञानकेंद्रानं तो कायमचा मांडून घेतला. शनिवारी तिथं आजी-आजोबा नातवंडांना हरवायला येऊ लागले.

माझं तिथं बस्तान बसलं असं मला वाटायला लागलं, त्याच सुमारास एका मोठ्या कंपनीचे लोक स्टुडिओत आले. त्यांची गोदामं होती, शेकडो माणसं तिथं दिवसभर माल उचलून खोक्यांत भरायची. त्यांना आमचा पट्टा हवा होता. म्हणजे कामगारांनी तो बांधायचा, कोण थकलं, कोण थांबलं, कुणाचं लक्ष उडालं ते श्वासावरून कळणार, आणि प्रत्येकाला गुण मिळणार. गुणांचा तक्ता भिंतीवर. याला ते खेळ म्हणत होते. आनेकेनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की स्टुडिओची अवस्था बरी नाही आणि हे काम तूच पुढं न्यायचं, कारण पट्टा तुझा. माझ्या राहण्याचा परवाना त्या नोकरीवर होता. तेही तिनं सांगितलं, धमकी म्हणून नव्हे, काळजीनं.

मी त्यांच्या गोदामात एक दिवस घालवला. स्वच्छ जागा, भरपूर उजेड, गरम कॉफी. माणसं बारा देशांची असावीत. आणि एकाचंही तोंड दुसऱ्याकडं नाही. प्रत्येकाच्या मनगटावर आधीच एक यंत्र होतं, ते पुढचा रस्ता सांगायचं. एका बाईनं पाठ ताणायला दोन्ही हात वर केले, आणि लगेच खाली घेऊन आजूबाजूला पाहिलं. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. तरी तिनं पाहिलं.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. माझ्या दुपारच्या जेवणाची वेळ, म्हणजे तिची कामावरून घरी पोचायची वेळ. गोदामाचं मी तिला काही सांगितलं नव्हतं. ती भाकरी थापता थापता इकडचं तिकडचं सांगत होती. मुकादम निवृत्त झाले होते. नवे मालक शिकलेले होते, त्यांनी शेडमध्ये कॅमेरे बसवले होते, बेदाण्याच्या पट्ट्याच्या बरोबर वर. "आता मुकादम न्हाईच," आई म्हणाली. "हापिसात बसूनच बघत्यात. खेळ बिळ बंद झाला समदा. रुक्सानाबी मान खाली घालूनच असती."

सहज सांगितलं तिनं, आणि पुढं पप्पांच्या गुडघ्यावर गेली. मी फोन ठेवला आणि जेवण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मी म्हटलं, पट्टा द्यायला माझी हरकत नाही, पण एका अटीवर. पट्ट्याला जे कळेल ते ज्याच्या अंगावर पट्टा आहे त्यालाच दिसेल. भिंतीवर नाही, ऑफिसात नाही, आणि काम संपलं की पुसलं जाईल. कंपनीच्या माणसानं अगदी नम्रपणे विचारलं, मग आम्हाला त्याचा काय फायदा? मी म्हटलं, काहीच नाही. माझा आवाज थरथरला नाही, त्याचं मला आजही बरं वाटतं. पोट मात्र थरथरत होतं. पट्टा बांधलेला असता तर सगळ्यांना कळलं असतं.

काम गेलं. आनेके माझ्यावर ओरडली नाही. दोन दिवसांनी तिनं सांगितलं, की तू चुकली नाहीस, पण वर्षअखेरीस तुझा करार वाढवणं मला जमणार नाही. ते महिने मी घाबरून काढले. खोटं कशाला सांगू? पप्पांना फोनवर सांगितलं, की कदाचित परत यावं लागेल. ते म्हणाले, "ये की. टेम्पो हाय, न्यायला येतो." त्यांनी कारण विचारलं नाही. त्या एका वाक्यानं माझी भीती बरीच उतरली. परत जायला जागा आहे हे कळलं, की पुढं जायलाही बळ येतं. मी विज्ञानकेंद्राच्या संचालकांना जाऊन भेटले आणि सांगितलं, की माझा एक खेळ तुमच्याकडं आहे, बाकीचेही इथंच बनवायचेत, मला ठेवून घ्या. त्यांनी बरेच प्रश्न विचारले, पुन्हा दोनदा बोलावलं, आणि ठेवून घेतलं. आता तिथं एक अख्खी खोली माझी आहे. बाहेर डच भाषेत पाटी आहे: इथं हसायला परवानगी आहे. ती पाटी मी लिहिली नाही, पण मला आवडते.

नोकरी पक्की झाल्यावर मी सुट्टी घेऊन कुपवाडला आले. बॅगेत पट्टे होते, छोटा प्रोजेक्टर होता. आमच्या वस्तीतल्या विहाराचा हॉल रविवारी वंदनेनंतर रिकामा असतो. पंख्याच्या हुकाला प्रोजेक्टर टांगला. फरशी काळी, तिच्यावर उजेड उमटेना, तेव्हा घरोघरच्या पांढऱ्या चादरी गोळा करून अंथरल्या. आईनं शेडवरच्या सगळ्या बायकांना बोलावलं होतं. आणि मला न विचारता मुकादमांनाही बोलावलं होतं. ते आले तेव्हा बायका पदर सावरून भिंतीकडेला सरकल्या, इतक्या वर्षांची सवय.

खेळ समजावून सांगायची वेळच आली नाही. रुक्साना मावशीनं पट्टा बांधला, खालच्या रिंगणाकडं पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती एकेक बाईला पाडत गेली. हॉलभर उजेडाचे तुकडे. मग ती आईसमोर उभी राहिली आणि दोघींचं बराच वेळ चाललं. भुवया झाल्या, मान झाली, गाल झाले. आईचं रिंगण संथ, मोठं, लहान, मोठं. शेवटी मावशीनंच हात टेकले.

मुकादम खुर्चीवर बसून बघत होते. कुणीतरी त्यांना आग्रह केला आणि ते उठले. पट्टा मीच त्यांना बांधला, त्यांच्या सदऱ्यावरून. समोर आई. तिनं काहीच केलं नाही. फक्त हात पाठीमागं घेतले आणि ती चार पावलं त्यांच्यासारखी चालली. मुकादमांच्या तोंडावरची रेघ हलली नाही. पण खाली त्यांचं रिंगण थरथरायला लागलं, मग आणखी जोरात, आणि फुटलं. हॉलमध्ये एकदम शांतता झाली, कारण त्या माणसाला हसताना तिथल्या कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

डोळे पुसत ते म्हणाले, "मला समदं ठावं हुतं. हसू आवरंना म्हनून तर मी पाठ फिरवून जायचो."

बायका हसल्या, रुक्साना मावशी तर चादरीवर बसलीच. पण आई हसली नाही. ती म्हणाली, "मग येवढी वर्सं आमाला भ्या कशाला घातलं?" मुकादमांनी पट्टा सोडवून माझ्या हातात दिला आणि आईला हात जोडले. आईनं त्यांना चहा दिला. तेवढंच झालं, पण त्यानंतर कुणी भिंतीकडेला सरकून उभं राहिलं नाही.

त्या दिवसापासून मी या प्रसंगाचा विचार करते आहे. मुकादमांना दिसत होतं आणि ते काणाडोळा करत होते. काणाडोळा करायला माणूस लागतो. माझ्या सेन्सरला तो करता येत नाही, त्यामुळे तो मलाच करावा लागतो. कुणाला काय दिसू द्यायचं नाही हे आधी ठरवायचं आणि मगच उजेड लावायचा. आता माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते. त्यांना ते सोपं वाटतं. करायला बसले की अवघड जातं.

शेडचे कॅमेरे अजून आहेत. पण आईनं पुढच्याच महिन्यात कळवलं, की खेळ पुन्हा सुरू झालाय. आता तोंडाला मास्क असतो, त्यामुळे मास्कच्या आतून गाल फुगवायचे, आणि समोरचीचं पोट बघून निकाल लावायचा. कॅमेरा छताला आहे, त्याला वरून नुसत्या टोप्या दिसतात.

यंदाच्या एप्रिलमध्ये आई माझ्याकडं आइंडहोवनला आली. पप्पा आले नाहीत, टेम्पो कुणाच्या हाती द्यायचा हा त्यांचा प्रश्न होता. पहिले दोन दिवस आई माझ्या घरातही उभीच असायची. बस म्हटलं की टेकायची आणि लगेच उठायची. आयुष्यभर शेडमधल्या पट्ट्याशी उभं राहिलेलं अंग, त्याला खुर्ची ठाऊकच नव्हती. माझ्या भांड्यांची तिनं जागा बदलली, खिडक्या पुसल्या, शेजारच्या डच आजींना खुणांनी विचारून त्यांच्याही पुसल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी एका मीटिंगसाठी लॅपटॉप उघडून बसले होते. मागं आवाज थांबला म्हणून वळून पाहिलं. आई सोफ्यावर झोपली होती. बसल्या बसल्या डोळा लागला असावा. एक पाय खाली, एक वर, पदर बाजूला, तोंड उघडं. घोरत होती. मी इतक्या वर्षांत तिला दिवसाउजेडी झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. घरी असली तरी तिचा एक कान दाराकडं असायचा.

मी मीटिंगमधल्यांना लिहून कळवलं, की आज जमणार नाही, आणि लॅपटॉप मिटला. खुर्ची तिच्याकडं वळवून बसले. तिच्या बरगड्या वर येत होत्या, खाली जात होत्या. माझ्या घरात तेव्हा पट्ट्यांची पेटी भरलेली होती, आणि एकही काढावा असं मला वाटलं नाही.

घर कुठं, असं मला दोन्हीकडचे विचारतात. पूर्वी मी कुपवाड म्हणायचे, मध्ये काही वर्षं गप्प बसायचे. आता सांगते. ज्या छपराखाली माझ्या माणसाला, बघतंय कोण याची पर्वा न करता, असं पाय पसरून झोपता येतं, ते माझं घर. मिरजेपासून ते किती लांब आहे हा वेगळा प्रश्न.

बऱ्याच वेळानं आईनं डोळे उघडले. मला समोर बसलेलं पाहून गडबडली, पदर ओढला.

"काम न्हाई व्हय तुला?" तिनं विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "तू झोप."

तिनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं, खाली सोडलेला पायही वर घेतला, आणि कूस बदलून पुन्हा डोळे मिटले.